रिसीव्हर सारखा बंद पडतोय? झाकण खोलण्याआधी सेकंद मोजा

होम थिएटरचा रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर वाजवणारा डबा. आधी त्याची लक्षणं. लोक फोनवर सांगतात त्याच शब्दांत देतो, निम्मं निदान त्या शब्दांतच असतं.

'बटण दाबलं की दिवा लागतो आणि लगेच विझतो.'
'टक असा आवाज येतो, मग बंद.'
'अर्धा तास झकास चालतो, मग आपोआप जातो. थोड्या वेळाने परत लागतो.'
'आवाज वाढवला की धाडकन बंद.'
'डावा स्पीकर मधूनच मुका होतो.'
'काही लावलेलं नसतानाही घूंऽऽ चालूच.'
'टीव्हीवर चित्र आहे, रिसीव्हर चालू आहे, आवाजच नाही.'

घरच्या होम थिएटर रिसीव्हरच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात त्या फिरून फिरून याच. मी दुकानदार नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रिक मेंटेनन्स बघतो आणि संध्याकाळी हा नाद. सुरुवातीला कोणी रिसीव्हर आणला की मी हौसेने आधी झाकण खोलायचो. आता ते सगळ्यात शेवटी. कारण दोष बऱ्याचदा डब्याच्या बाहेर असतो: वायरीत, हवेत, भिंतीतल्या बोर्डात, नाहीतर कुणीतरी चुकून दाबलेल्या बटणात.

सेकंद कशासाठी मोजायचे

आपोआप बंद पडणारा रिसीव्हर बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो. आत प्रोटेक्शनचं सर्किट असतं. स्पीकरच्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, आउटपुटवर डीसी व्होल्टेज (सेलसारखी एकाच दिशेची वीज) आलं, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्या) तापला किंवा स्पीकरनी झेपणार नाही एवढा करंट ओढला, की हे सर्किट स्पीकर तोडून टाकतं आणि पुढचा दिवा लुकलुकायला लागतो.

चालू केल्यावर साधारण तीन ते सहा सेकंदांनी जो 'टक' ऐकू येतो तो स्पीकर रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचा. आतलं सगळं ठीक आहे अशी खात्री पटल्याशिवाय रिसीव्हर स्पीकर जोडून घेत नाही. म्हणून मी विचारतो तो पहिला प्रश्न हा: टकच्या आधी बंद पडतो की नंतर?

टक व्हायच्या आधीच विझला, तर दोष बहुतेक आत आहे. टक झाल्याबरोबर किंवा दोन-चार सेकंदांत गेला, तर वायरी किंवा स्पीकर. वीस-चाळीस मिनिटांनी गेला, तर उष्णता. आवाज चढवल्यावरच गेला, तर लोड (स्पीकरचा भार) किंवा लाइनचं व्होल्टेज. हा नियम शंभर टक्के बरोबर येतो असं नाही, पण मला यानेच सगळ्यात कमी फसवलंय.

आणि हे मोजायला दोनदा चालू करून बघा, पुरे. एका गृहस्थांनी 'बघू लागतो का' म्हणत दिवसभर बटण दाबलं होतं. वायरी शॉर्ट असताना दर वेळी आउटपुट ट्रान्झिस्टरला (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या भागाला) एक तडाखा बसतो. प्रोटेक्शन त्याला वाचवतं, पण दर वेळी वाचवेलच असं नाही. वीस रुपयांच्या वायरीचं काम त्यांनी स्वतःच्या हाताने आतल्या कामापर्यंत नेलं.

बिनपैशाचे पाच उपाय

हे लवकर उरकतो.

प्लग भिंतीतून काढा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. रिमोटने बंद केलेला रिसीव्हर पूर्ण बंद नसतो, आतला मायक्रोप्रोसेसर जागा असतो आणि लाइट गेल्या-आल्याच्या झटक्याने तो कधी कधी गोंधळतो. पूर्ण रीसेट शेवटी करा, त्यात स्पीकरच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. करायचाच असेल तर मेनूतल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आवाज नसेल तर म्यूट, इनपुट आणि 'स्पीकर ए/बी' (स्पीकरची कुठली जोडी चालू) हे बटण बघा. पुसापुशी करताना हे बटण हमखास दाबलं जातं. ए बंद होऊन बी चालू झालं की सगळं व्यवस्थित आणि आवाज शून्य. हेडफोनच्या भोकात काही अडकलंय का तेही बघा. तिथे पिन असेपर्यंत स्पीकर बंद राहतात. मी एकदा त्यातून अगरबत्तीची तुटलेली काडी काढली आहे.

रिमोट चालत नसेल तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये रिमोटचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक, समोरचा डोळा बघा. तिथे बहुतेक कुणीतरी गणपतीची मूर्ती ठेवलेली असते.

वायरी: इथे घाई करू नका

टक झाल्यावर लगेच बंद पडणाऱ्या रिसीव्हरसाठी हा भाग.

प्लग काढा. रिसीव्हर पुढे ओढा, मागे टॉर्च मारा आणि स्पीकरच्या टर्मिनलजवळ डोळा नेऊन बघा. स्पीकरची वायर बारीक तारांच्या जुडग्याची असते. सोलून, पिळून, खोचताना त्यातली एखादी तार बाहेर राहते. केसाएवढी. लाल टर्मिनलमधून निघालेली ती तार वाकून शेजारच्या काळ्याला टेकलेली असते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, टॉर्च तिरपी धरली की चमकते. मी हे इतक्यांदा बघितलंय की आता टॉर्चशिवाय जातच नाही.

तार सापडली म्हणून तेवढीच कापू नका. वायरचं टोक नव्याने सोला, एक सेंटिमीटरच्या आसपास, घट्ट पिळा आणि शक्य असेल तर पिनचं थिंबल (टोकावरची धातूची टोपी) दाबून बसवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटं मिळतं. टोकाला शिशाचा डाग देण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. मी देत नाही. स्क्रूखाली शिसं हळूहळू दबतं आणि वर्षभरात पकड सैल होते.

मागे सगळं स्वच्छ दिसलं तरी वायर निर्दोष आहे असं समजू नका. सगळ्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि रिसीव्हर मोकळा चालू करा. टक होऊन चालू राहिला? मग रिसीव्हर ठीक आहे, भांडण बाहेर आहे. आता प्लग काढून एक स्पीकर जोडा, चालू करा, बघा. परत प्लग काढा, दुसरा जोडा. ज्याला जोडल्यावर बंद पडेल तो तुमचा आरोपी. कंटाळवाणं काम आहे, पण याला तोड नाही.

पाचशे रुपयांच्या आतला मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. रिसीव्हरपासून सोडवलेल्या वायरीच्या दोन टोकांना ओहममध्ये लावा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमचा तीन-साडेतीन. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. डब्यावरचा आकडा एसीचा (उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा) असतो, मीटर डीसीवर मोजतो. जवळपास शून्य आलं तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर किंवा कॉइल तुटलेली. मीटर नसेल तर रिमोटमधला पेन्सिल सेल काढा आणि दोन टोकं क्षणभर टेकवा. स्पीकरमधून 'थप' आलं की तो जिवंत. पण ही सेलची युक्ती शॉर्ट शोधत नाही, तुटलेलं शोधते.

माझी स्वतःची फजिती सांगतो. जुळे सोलापुरात ताईच्या घरी रिसीव्हर दिवाळीत बंद पडायला लागला. टक, आणि बंद. मी मागच्या तारा बघितल्या, छान होत्या, कारण मीच जोडल्या होत्या. त्या अभिमानात झाकण खोललं आणि रविवारची दुपार आत घालवली. ताई दोनदा चहा घेऊन आली. दुसऱ्यांदा म्हणाली, "दादा, त्या कोपऱ्यातल्या खोक्याचं काही नाही ना? यांनी तिथे आकाशकंदिलाचा खिळा ठोकला तेव्हापासूनच झालंय की." केसिंग पट्टीच्या मधोमध खिळा. पट्टीच्या आत मागच्या डाव्या स्पीकरची वायर, आणि खिळा दोन्ही तारांतून आरपार. खिळा उपटून तेवढा तुकडा बदलला, दहा मिनिटांत रिसीव्हर सुरू.

तेव्हापासून दुसरा प्रश्न हा: घरात अलीकडे काय बदललं? रंग दिला, शोकेस हलवलं, एसी बसवला, खिळा मारला? माळ्यावरून वायर गेली असेल तर उंदराने कुरतडलीय का, तेही.

नवी वायर घेताना एक टोक ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर आहे. ती दोन-चारदा वाकवली की टोकाशी तुटते, आणि तुटलेले तुकडेच शॉर्ट करतात. नेहमीच्या हॉलला तांब्याची दीड एमएम पुरते, लांब ओढायची असेल तर अडीच.

हवा, आणि सोलापूरचा कापूस

अर्ध्या तासाने बंद पडणारे रिसीव्हर माझ्याकडे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जवळपास येत नाहीत. मार्च संपला की रांग लागते. याचं गणित सोपं आहे. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा काही अंश वर चालतो. खोली २५ अंशांवर असताना तो ६० वर असेल, तर खोली ४० वर गेली की तोच ७५ वर जाणार. आवाज तेवढाच, पिक्चर तोच, फक्त ऋतू बदलला. नुसता चालू ठेवलेला रिसीव्हरसुद्धा आवाज न करता पुष्कळ वीज खातो आणि ती सगळी उष्णताच होते.

म्हणून वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा हवी, मागेही थोडी. बंद दाराच्या शोकेसमध्ये तर नकोच. त्याच्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, तो स्वतःही तापतो आणि खालच्याची जाळीही झाकतो. आणि घरातल्या मंडळींना सांगा, टीव्हीवर टाकतात तसं भरतकामाचं कापड यावर टाकू नका. आपल्याकडे चादर ही पांघरायची वस्तू आहे हे मान्य, पण मी चादरीची चौघडी घालून वर रिसीव्हर आणि रिसीव्हरवर परत टॉवेल, असं दृश्य पाहिलेलं आहे. खालूनही हवा आत जाते, पायांखाली चादर आली की ती वाटही बंद.

आता खास आपल्या गावचं. पूर्व भागात ज्यांच्या घराला लागून माग आहेत त्यांना हे कळेल. एका मित्राचा रिसीव्हर असाच अर्ध्या तासाने बंद पडायचा. "लई तापतोय बे, पंखा लावू का वरून?" असं त्याचं चाललं होतं. झाकण काढलं तर हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यामध्ये कापसाच्या तंतूंचा थर गच्च बसला होता, नमद्यासारखा. चिमट्याने धरून उचलला तर पट्टीच्या आकाराचा अख्खा तुकडा निघाला: खाली मरून, मधे पांढरा, वर फिकट निळा. मित्राने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "हा मरून गेल्या वर्षीच्या ऑर्डरचा." हीटसिंकला हवा लागायला हवी होती, आणि तिथे टॉवेल विणला जात होता.

घरात माग नसला तरी धूळ असतेच. सफाईचा पहिला टप्पा झाकण न काढता करा. प्लग काढून, वरच्या आणि बाजूच्या जाळीवर मऊ ब्रश फिरवा आणि लहान ब्लोअरने बाहेरच्या दिशेने हवा मारा. आत पंखा असेल तर जाळीतून बारीक काडीने त्याची पाती हलकेच अडवून धरा, नाहीतर ब्लोअरच्या हवेने तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. ओलं फडकं नाही.

झाकण काढून सफाई करायची असेल तर ज्याला आतली ओळख आहे त्यानेच करावी. आत फिल्टरचे दोन मोठे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, लिमलेटच्या बाटलीच्या बुडाएवढे. प्लग काढल्यावरही त्यांत चार्ज राहतो, आणि दोन रेल (प्लस आणि मायनस सप्लाय) मिळून शंभर व्होल्टच्या वर सहज जातं. हात चुकून लागला तर चटका, आणि स्क्रू ड्रायव्हर लागला तर ठिणगी आणि खर्च.

आवाज चढवला की बंद

इथे बहुतेक वेळा दोष आपल्या अपेक्षेचा असतो. गणपतीत मंडळाचा सिस्टीमवाला ऐनवेळी आला नाही म्हणून घरचा रिसीव्हर मांडवात नेतात, हळदीला गच्चीवर नेतात. चार स्पीकर दोन जोड्यांनी लावायचे, ए आणि बी दोन्ही चालू. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रिसीव्हरला चार ओहम दिसतात, म्हणजे करंट दुप्पट. मागच्या पट्टीवर किमान ओहमचा आकडा छापलेला असतो, सहा किंवा आठ. त्याच्या खाली गेलात की हळू आवाजात चालतं आणि ढोल वाजला की बंद. एक जोडी काढा. नुसत्या त्यानेच बरे झालेले रिसीव्हर बरेच आहेत.

घरातही तेच होत असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास बोर्डातलं व्होल्टेज मोजून घ्या, पण मीटरची सवय असेल तरच. २३० च्या जागी १८०-१९० येत असेल तर आवाज चढवल्यावर सप्लाय खाली बसतो आणि प्रोटेक्शन उडतं. मग स्टॅबिलायझर किंवा वायरमन, रिसीव्हरचा मेकॅनिक नव्हे.

आणखी एक. अमेरिकेतल्या भाच्याने आणलेला रिसीव्हर भिंतीत लावण्याआधी मागची पट्टी वाचा. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो आपल्या २३० वर सरळ चालणार नाही, पिन बसली म्हणून काही होत नाही. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही रिसीव्हरच्या वॅटपेक्षा मोठा.

एक बाजू मुकी

डावा स्पीकर गेला म्हणून नवा स्पीकर घेऊन आलेले लोक मला माहीत आहेत. त्याआधी फुकटची चाचणी करा. प्लग काढून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरच्या मागे अदलाबदल करा. तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष स्पीकर किंवा वायरीत. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला, तर रिसीव्हर किंवा त्याच्या आधीचं काहीतरी. मग इनपुट बदला: टीव्हीऐवजी रेडिओ लावून बघा. रेडिओला दोन्ही बाजू वाजल्या तर रिसीव्हर सुटला, टीव्हीकडची पिन किंवा केबल बघा.

रिसीव्हरच असेल, आणि आवाज मोठा केल्यावर किंवा डब्याला थापटल्यावर ती बाजू परत येत असेल, तर जवळपास नक्की स्पीकर रिले. त्याच्या संपर्कांवर काळा थर चढतो. हळू आवाजाचा लहान सिग्नल त्या थरातून जात नाही, मोठा केला की वाट फोडून जातो. काही जण रिले उघडून संपर्क कागदाने घासतात. चार-सहा महिने चालतं, मग परत तेच. रिले बदलणं हाच खरा इलाज आणि भाग महाग नसतो. फक्त कॉइलचं व्होल्टेज आणि पायांची मांडणी तीच हवी. डाग काढता-देता येत नसेल तर हे मेकॅनिकचं काम.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर होत असेल, तर प्लग काढून ते बटण इकडून तिकडे तीस-चाळीस वेळा फिरवा. जुन्या रिसीव्हरमध्ये एवढ्याने बरंच साफ होतं. नाहीच झालं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, दुसरं काही नाही. एका जॉबरने (माग दुरुस्त करणाऱ्याने) मागाचं तेल सोडलं होतं, "मशीनला चालतं मग याला का नाही," म्हणून. पहिला आठवडा गुळगुळीत. नंतर त्या तेलाने सगळे तंतू धरले आणि बटणच बदलावं लागलं. नव्या रिसीव्हरमध्ये आवाजाचं बटण एन्कोडर (फिरवलेले टप्पे मोजणारा स्विच) असतं. तिथे खरखर होत नाही, वाढवताना आकडा मधूनच मागे उडी मारतो. उपाय मात्र तोच.

घूंऽऽ

सगळ्यात स्वस्त चाचणी: सेट-टॉप बॉक्सच्या मागची छत्रीची किंवा केबलची गोल वायर फिरवून काढा. घूं गेलं? मग ग्राउंड लूप आहे. छत्री गच्चीवर एका ठिकाणी जमिनीशी जोडलेली, रिसीव्हर तुमच्या बोर्डातल्या अर्थला, आणि या दोन अर्थमधला फरक ऑडिओच्या वायरीतून ५० हर्ट्झने वाहतो. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, सब-वूफर सगळे एकाच बोर्डावर घ्या. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. केबल टीव्ही असेल तर गोल वायरीत लावायचा आयसोलेटर मिळतो. छत्रीला मात्र साधा आयसोलेटर चालत नाही, कारण छत्रीवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज त्याच वायरीतून जाते.

गोल वायर काढूनही घूं राहिलं तर अर्थिंग. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन ठणठणीत वाळते आणि जुन्या वाड्यांतल्या अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, तासाभराने ऐका. फरक पडला तर रोग कळला. पुढचं वायरमन बघेल. जुन्या घरांत तिसरं भोक आहे पण त्याच्या मागे वायरच नाही, असंही असतं. घूं जावं म्हणून तिसरी पिन कापू नका. मी हे कापलेले प्लग पाहिले आहेत, आणि त्या घरांत लहान मुलं होती.

लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच घूं येत असेल आणि तेही स्पीकरमधून नाही तर डब्यातूनच, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. ट्रान्सफॉर्मरला ती वेव्ह सोसत नाही, तो गुरगुरतो आणि तापतो. रिसीव्हर इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढा.

एचडीएमआय आणि न ऐकू येणारे संवाद

चित्र आहे, आवाज नाही: टीव्हीच्या ज्या भोकाशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्याच भोकात केबल हवी, दुसऱ्यात नाही. रिसीव्हरकडेही तेच. दोन्हीकडच्या मेनूत एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे आणणारी सोय) आणि सीईसी (यंत्रांनी एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू करा. टीव्ही कंपन्या सीईसीला स्वतःची वेगवेगळी नावं देतात, त्यामुळे ते शोधण्यातच दहा मिनिटं जातात. तरी आवाज नसेल तर टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (आवाजाचा साधा फॉरमॅट) टाकून बघा. पीसीएमवर आवाज आला तर केबल आणि भोक दोन्ही ठीक, अडचण फॉरमॅटची आहे. सगळं बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग बॉक्स या क्रमाने चालू करण्यानेही पुष्कळदा सुटतं. आणि एचडीएमआयची पिन काढता-लावताना प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर छत्रीची वायरही काढा. एचडीएमआयचे बोर्ड मेलेले मी बघितले ते बहुतेक त्या वाटेने.

संवाद ऐकू येत नसतील तर मेनूत मधल्या स्पीकरचं लेव्हल तीन डेसिबलने वाढवा. मधला स्पीकरच नसेल तर तिथे 'नाही' असं निवडा, नाहीतर रिसीव्हर संवाद नसलेल्या स्पीकरला पाठवत बसतो. रात्री नाइट मोड लावा, त्याने मोठे आवाज दबतात. यात बिघाड काहीच नाही.

इथे थांबा

सगळ्या वायरी काढून, मोकळा रिसीव्हर टकच्या आधीच बंद पडतोय. जळका वास आहे, मग तो एकदाच आलेला का असेना. फ्यूज बदलला आणि परत उडाला. चालू केल्यावर स्पीकरचा कोन एकदम बाहेर किंवा आत जाऊन तिथेच राहतोय, म्हणजे आउटपुटवर डीसी आहे आणि प्रोटेक्शनही गेलंय. तत्क्षणी प्लग काढा, नाहीतर स्पीकरची कॉइल जळते. डब्याला हात लावला की मुंग्या येतायत. आतून पालीची कुजकी घाण येतेय. हसू नका, उबेला पाल आत शिरते आणि दोन टर्मिनलच्या मधे मरते. यातलं एकही असेल तर तुमचं काम संपलं. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाडी तार तर अजिबात घालू नका. फ्यूज पाच-दहा रुपयांचा असतो, तारेने ट्रान्सफॉर्मर जातो.

मेकॅनिक निवडताना एवढंच बघा की तो दुरुस्त केलेला रिसीव्हर पहिल्यांदा सिरीज बल्बवर (विजेच्या वाटेत मधे जोडलेल्या बल्बवर) चालू करतो का. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख पेटत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे नवे भाग वाचतात. सरळ भिंतीत लावून 'बघू' म्हणणाऱ्याकडे मी माझा रिसीव्हर देणार नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलले तर जुने परत मागा. बाजारात नकली पुष्कळ आहेत, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर निदान छपाईतला फरक तरी दिसतो.

त्याला सांगायचं ते कागदावर लिहून न्या: टकच्या आधी की नंतर, किती सेकंदांनी किंवा मिनिटांनी, स्पीकर काढून काय झालं, दिवा किती वेळा लुकलुकतो. 'चालत नाही' एवढंच सांगितलंत तर हे सगळं तो नव्याने करणार आणि त्या वेळेचे पैसे घेणार. रिमोट सोबत द्या, रिमोटशिवाय बऱ्याच रिसीव्हरचा मेनूच उघडत नाही. आणि नेताना स्कूटरच्या पुढे पायांत उभा धरून नेऊ नका. ट्रान्सफॉर्मर जड आणि एकाच बाजूला असतो, खड्ड्यात आपटला की बोर्डांना तडे जातात. रिक्षा करा, मांडीवर आडवा घ्या, आणि खाली जाड चादर घ्या. तिचा उपयोग इथे आहे.